फटफटीचा लगाम

नवी फटफटी दारांत आली म्हणजे शेजारीपाजारी जमतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही किती वेगानें पळते? दुसरा प्रश्न पेट्रोलचा आणि तिसरा किंमतीचा. ही किती अंतरांत थांबते, असें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. घोड्याच्या बाजारांत असें होत नसे. तेथें घेणारा मनुष्य घोड्याची चाल जशी पाही, तसाच तो लगामाला कसा आहे हेंही पाही. कारण बेलगाम घोडा कितीही देखणा असला तरी त्याच्यावर बसण्याची हौस कोणी करीत नाहीं. लोखंडी घोड्याच्या बाबतींत हा शहाणपणा माणसाला फार उशिरां सुचला. एंजिनाची शक्ति वर्षागणिक वाढत गेली, आणि लगाम मागाहून धापा टाकीत तिच्या पाठोपाठ येत राहिला. फटफटीच्या ब्रेकचा इतिहास हा अशा उशिरां सुचलेल्या शहाणपणाचा इतिहास आहे. जुनी फटफटी हौसेनें बाळगणाऱ्याला तो ठाऊक असणें अगत्याचें आहे. कारण तिच्या चाकांत कोणत्या काळचा शहाणपणा बसविलेला आहे, यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

जर्मनींतील कानस्टाट येथें १८८५ सालीं डाइमलर आणि मायबाख या दोघांनीं लांकडी सांगाड्याची जी दुचाकी तयार केली, ती पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारसायकल मानली जाते. तिचें एंजिन अर्ध्या अश्वशक्तीचें होतें आणि वेग ताशीं अकरा-बारा किलोमीटर, म्हणजे धांवणाऱ्या माणसाच्या वेगाइतका. तिच्या मूळ आराखड्यांत एक मोठी चतुर कल्पना होती. हातांतील मूठ एका बाजूला पिळली कीं पट्टा ताणला जाऊन चाकाला गति मिळावी, आणि उलट पिळली कीं ब्रेक लागावा, अशी ती योजना होती. गति आणि रोध हीं दोन्हीं एकाच मुठींत राहावीं हा विचार त्या जनकांच्या मनांत होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें कित्येक वर्षें त्या दोहोंचा असा मेळ कोणाच्या ध्यानीं राहिला नाहीं. प्रत्यक्ष बांधलेल्या गाडींत ती पिळण्याची मूठ उतरली नाहीं.

त्यानंतरच्या बहुतेक फटफट्या म्हणजे सायकलला बसविलेलें एंजिनच होतें, आणि सायकलीचा ब्रेकही त्याबरोबर आयताच आला. त्या वेळच्या सायकलला चमच्याच्या आकाराचा एक लोखंडी तुकडा असे. तो वरून टायरवर दाबला कीं सायकल थांबे. भरीव रबराच्या टायरवर हें ठीक होतें. परंतु १८८८ सालीं डनलॉप यानें हवा भरलेला टायर काढला, आणि त्याच्यावर लोखंड घासणें म्हणजे महागाचा टायर फाडून घेणें झालें. मग चमचा गेला आणि चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, रबराचे तुकडे दाबणारा ब्रेक आला. पाय मारणाऱ्या माणसाच्या शक्तीपुरता तो पुरेसा होता. ताशीं पन्नास-साठ किलोमीटर पळणाऱ्या आणि वजनानें सायकलीच्या अनेक पट भारी असलेल्या गाडीला तो पुरणें शक्यच नव्हतें.

मागच्या चाकासाठीं कारीगरांनीं दुसरी युक्ति काढली. त्या काळीं एंजिनाची गति चाकाकडे चामड्याच्या किंवा रबराच्या पट्ट्यानें नेत, आणि पट्ट्यासाठीं मागच्या चाकाला खोबणीची एक वेगळी रिम जोडलेली असे. त्या रिमवरच पाचरीसारखा ठोकळा दाबून ब्रेक लावीत. पहिल्या महायुद्धांत दोस्त सैन्याला तीस हजारांवर पुरविली गेलेली प्रसिद्ध ट्रायम्फ ‘मॉडेल एच’ गाडी याच घाटाची होती : मागें पट्ट्याच्या रिमवरचा ठोकळा, आणि पुढें सायकलीच्या जातीचा ब्रेक. निरोपे शिपाई चिखलांतून आणि पावसांतून या गाड्या हाकीत. रिम भिजली म्हणजे ठोकळा तिच्यावरून साबणासारखा घसरे. स्वाराच्या हातीं मग एंजिन बंद करणें आणि पाय जमिनीला टेकणें एवढेंच उरे.

या अवस्थेला केवळ यंत्रांतील उणीव कारण नव्हती. माणसांच्या मनांतील एक समजूतही तितकीच कारण होती. पुढचा ब्रेक लावला तर स्वार हँडलवरून पुढें फेंकला जातो, म्हणून पुढचा ब्रेक धोक्याचा, अशी ती समजूत होती. खडीच्या आणि धुळीच्या रस्त्यावर, अडखळत पकडणाऱ्या त्या ब्रेकमुळें, असे अपघात होतही असत. परिणामीं पुढच्या ब्रेककडे दुर्लक्ष झालें. अमेरिकेंत हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांना १९२८ सालापर्यंत पुढचा ब्रेकच नव्हता. तोंपर्यंत पंचवीस वर्षें मोठमोठ्या शक्तिमान गाड्या केवळ मागच्या ब्रेकच्या भरंवशावर त्या विस्तीर्ण देशांत पळत होत्या.

निसर्गाचा नियम या समजुतीच्या अगदीं उलट आहे. बसमधून जाणारे उतारू चालकानें एकदम ब्रेक लावतांच पुढें झुकतात. फटफटीचेंही तसेंच होतें. ती थांबूं लागतांच तिचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचें चाक हलकें होतें. जोरानें थांबतांना तीन चतुर्थांशांहूनही अधिक भार एकट्या पुढच्या चाकावर असतो. ज्या चाकावर भार नाहीं तें रस्त्याला धरणार कसें? तें लौकरच जागच्या जागीं अडकतें आणि घसरत जातें. साधा हिशेब केला तर ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी कोरड्या चांगल्या रस्त्यावर दोन्हीं ब्रेक नीट लावले असतां सुमारें २० मीटरांत थांबते. केवळ मागच्या ब्रेकनें तिला सुमारें ४० मीटर लागतात. हा वीस मीटरांचा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु पहिली गाडी ज्या जागीं उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी गाडी अजून ताशीं ४२ किलोमीटर वेगानें पुढें जात असते. त्या जागीं कोणाचें मूल चेंडूमागें धांवत आलेलें असेल, तर दोन ब्रेकांतील फरक म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं.

ही गोष्ट लोकांच्या ध्यानांत आणून देण्याचें काम प्रथम शर्यतींनीं केलें. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील आइल ऑफ मॅन या बेटावर १९०७ सालीं ‘टूरिस्ट ट्रॉफी’ नांवाची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षीं जिंकणाऱ्याचा सरासरी वेग ताशीं ३८ मैल होता. १९११ पासून ही शर्यत स्नेफेल पर्वताला वळसा घालणाऱ्या पावणेअडतीस मैलांच्या मार्गावर होऊं लागली. येथें नुसतें पळून भागेना. चढ संपला कीं उतार, उताराच्या तळाशीं अरुंद पूल, पुलाला लागून दगडी भिंतींमधील वळण. ज्याला उशिरां आणि खात्रीनें थांबतां येतें तोच येथें लौकर पोंचतो, हें स्वारांना अनुभवानें कळलें. ब्रेक हा वेगाचा शत्रु नसून वेगाचा भरंवसा आहे, हें तत्त्व त्या डोंगरानें शिकविलें. १९३० सालीं याच मार्गावर विजेत्याची सरासरी ताशीं ७४ मैलांवर गेली होती. सुधारलेल्या एंजिनांबरोबर सुधारलेल्या ब्रेकांचाही तीत वांटा होता.

मधल्या काळांत चाकाच्या तुंब्यांत एक नवी वस्तु आली होती. तिला ड्रम म्हणतात. तुंब्याच्या जागीं डब्यासारखी एक पोकळ लोखंडी कड बसवितात आणि तिच्या आंत अर्धचंद्राकार दोन जबडे ठेवतात. कारीगर त्यांना ‘शू’ म्हणतात. स्वारानें दांडी ओढली कीं कॅम फिरून जबडे पसरतात आणि फिरत्या ड्रमला आंतून घासतात. रेनॉ या फ्रेंच कारखानदारानें मोटारींसाठीं ही रचना १९०२ सालीं पुढें आणली होती. फटफटीच्या पुढच्या चाकांत ती १९२० ते १९३० या दशकांत रुळली. पाऊस आणि चिखल यांपासून घर्षणाची जागा झांकली गेली, हा तिचा पहिला गुण. दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. जो जबडा फिरत्या ड्रमच्या दिशेनें रेटला जातो, त्याला ड्रम स्वतःच ओढून आणखी घट्ट दाबतो. म्हणजे तेथें चाकाची गतिच चाकाला थांबविण्याच्या कामीं येते. दुसऱ्या जबड्याला मात्र ड्रम दूर ढकलतो, म्हणून तो बराच आळशी असतो. एक जबडा कष्टाळू आणि एक आळशी, अशी ती जोडी होती. त्या आळशालाही कष्टाळू कसें करावें, हा प्रश्न पुढच्या पिढीसाठीं राहिला.

जबड्याला कांहींतरी अस्तर हवें, हेंही याच काळांत ठरलें. लोखंडावर लोखंड घासून भागत नाहीं. डर्बीशायरमधील हर्बर्ट फ्रूड या मनुष्यानें १८९७ सालीं या धंद्याचा पाया घातला. उतारावर गाडी आंवरण्यासाठीं शेतकरी चाकाशीं जुना बूट लावतात, हें पाहून त्याला अस्तराची कल्पना सुचली असें सांगतात. आपल्या आडनांवाचीं अक्षरें फिरवून आणि त्यांत पत्नीच्या नांवाचें आद्याक्षर मिळवून त्यानें ‘फेरोडो’ हें नांव केलें. पुढें अस्तरासाठीं अॅस्बेस्टॉस वापरूं लागले. तो तापत नाहीं, जळत नाहीं, झिजतोही थोडा. जणूं देवानें ब्रेकसाठींच निर्माण केलेला पदार्थ. परंतु त्याची धूळ माणसाच्या फुप्फुसांत जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनीं जीव घेते. ब्रिटनमध्यें मेरेवेदर आणि प्राइस यांनीं कापड-कारखान्यांतील कामगारांची तपासणी करून १९३० सालीं यासंबंधीं अहवाल दिला आणि १९३१ सालीं पहिले नियम झाले. तरीही ब्रेकच्या अस्तरांतून हा पदार्थ जाण्यास तेथें १९९९ साल उजाडावें लागलें. रस्त्यावरचे जीव वांचविणारी वस्तु कारखान्यांतले जीव घेत होती, आणि पहिला हिशेब मांडणारे लोक दुसरा हिशेब मांडीत नव्हते. जुन्या गाडीचा ड्रम उघडणाऱ्यानें हें विसरतां कामा नये. आंतील काळी भुकटी तोंडानें किंवा पंपानें फुंकूं नये. ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें बंद करून टाकावें.

सुधारणेचा पुढचा मार्ग वेगवेगळ्या कारखान्यांनीं वेगवेगळ्या तऱ्हेनें शोधला. कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कारखान्यानें दोन्हीं ब्रेक एकमेकांस जोडले. पायाखालचें पेडल दाबलें कीं मागचा आणि पुढचा असे दोन्हीं ब्रेक लागत. शिवाय पुढचा ब्रेक हातानें वेगळाही लावतां येई. पुढच्या ब्रेकला भिणाऱ्या स्वाराला, त्याच्या नकळत, पुढचा ब्रेक वापरावयास लावणारी ही योजना होती. माणसाची समजूत बदलत नाहीं तोंपर्यंत यंत्रानें ती सांभाळून घ्यावी, असा हा व्यवहारी विचार. १९३० सालची ती ताशीं ७४ मैलांची शर्यत जिंकणारी गाडी याच रज कारखान्याची होती. व्हिन्सेंट एच. आर. डी. या कारखान्यानें निराळीच वाट धरली. १९३६ सालच्या ‘रॅपिड’ गाडीला त्यानें प्रत्येक चाकास दोन असे चार ड्रम बसविले. पुढच्या दोन ड्रमांना सारखी ओढ मिळावी म्हणून मधें तराजूच्या दांडीसारखी एक आडवी पट्टी होती. एक हजार सी. सी. ची ती गाडी त्या काळीं रस्त्यावरच्या सर्वांत वेगवान गाड्यांत गणली जाई. तिच्या कर्त्यानें वेग आणि लगाम यांचा विचार बरोबरीनें केला होता, हें तिचें खरें मोठेपण.

तरीही ड्रमला एक शत्रु उरलाच. तो म्हणजे उष्णता. ब्रेक गति नाहींशी करतो असें लोक म्हणतात. वास्तविक तो गतीची उष्णता करतो. स्वारासह अडीचशें किलो वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटरवरून थांबवितांना जी उष्णता निर्माण होते, तिनें अर्धा कप पाण्याला उकळी फुटेल. वेग दुप्पट केला तर उष्णता चौपट, म्हणजे दोन कप पाणी. आतां खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरण्याचा विचार करावा. बोरघाटांत सुमारें पांचशें मीटरांचा उतार आहे. एवढें उतरतांना तीच गाडी जी शक्ति सोडते, तिनें साडेतीन लिटर पाणी खळखळां उकळेल. यांतील कांहीं भाग वारा आणि एंजिन वांटून घेतात. परंतु एखाद्यानें गिअर काढून, केवळ ब्रेकवर भिस्त ठेवून घाट उतरावयाचें मनांत आणलें, तर ती सारी उष्णता तळहाताएवढ्या दोन ड्रमांत कोंडली जाते. तापलेला ड्रम फुगतो आणि जबड्यांपासून दूर सरकतो; तापलेल्या अस्तराची पकडही ढिली होते. दांडी मुठीपर्यंत येते, आणि गाडी मात्र ऐकत नाहीं. म्हणून ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्राला धरून आहे.

आळशी जबड्याचा प्रश्न दोन कॅमांनीं सुटला. प्रत्येक जबड्याला स्वतंत्र कॅम दिला आणि तो योग्य टोंकाला बसविला, कीं दोन्हीं जबडे ड्रमच्या दिशेनें रेटले जातात आणि दोन्हीं कष्टाळू होतात. ही युक्ति शर्यतीच्या गाड्यांत आधींच आली होती. परंतु रोजच्या वापराच्या गाड्यांना ती देण्यांत इंग्रज कारखाने मागें राहिले, आणि जपान पुढें गेला. १९६० च्या सुमारास होंडाच्या अवघ्या २५० सी. सी. च्या गाडीला ती मिळाली होती. ६५० सी. सी. च्या ट्रायम्फ ‘बॉनव्हिल’ला ती १९६८ सालीं मिळाली, म्हणजे पहिल्या बॉनव्हिलनंतर नऊ वर्षांनीं. या नऊ वर्षांतील गाड्यांचे मालक पुढें आपल्या जुन्या चाकाला नव्या तऱ्हेची ब्रेक-प्लेट बसवून घेऊं लागले, यांत नवल नाहीं. या रचनेंतही एक खोड आहे. गाडी मागें घसरूं लागली तर दोन्हीं जबडे आळशी होतात. घाटाच्या चढावर गाडी थांबवून धरतांना हा अनुभव येतो, आणि तेथें मागचाच ब्रेक उपयोगीं पडतो.

जुन्या ब्रेकची सुधारणा म्हणजे नवे भाग विकत आणणें, असा मात्र समज करून घेऊं नये. पुष्कळ जुने ब्रेक जन्मतः वाईट नसतात. ते वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षानें वाईट होतात. चाकाचे आरे आवळतांना ड्रम किंचित् अंडाकृति होतो. मग ब्रेक लावतांच दांडी हाताला धडधडते. अशा वेळीं आरे ताणलेल्या स्थितींतच पुरें चाक लेथवर चढवून ड्रम आंतून गोल करवून घ्यावा, आणि जबड्यांवर जाड अस्तर लावून तें त्या ड्रमच्या मापानें कातून घ्यावें. अस्तर ड्रमला टोंकाशीं किंवा मध्यभागींच टेकत असेल, तर चार बोटांचा ब्रेक एका बोटाचें काम करतो. ब्रेक लावलेल्या स्थितींत चाकाच्या आंसाची नट आवळली म्हणजे जबडे ड्रमच्या बरोबर मध्यावर येतात. या कामाला पैसा लागत नाहीं, पांच मिनिटें लागतात. ब्रेक पुरा लागला असतां तार आणि कॅमची दांडी यांत काटकोन असावा. तो नसेल तर हाताचा जोर वाटेंतच वांया जातो. तारेचें बाहेरचें आवरण दबणारें, किंवा तिचा टेंकू वांकणारा असेल, तर स्वार आपली शक्ति ब्रेकला न देतां आवरणाला देत असतो. इतकें सर्व झाल्यावर जो ब्रेक मिळतो, तो पाहून पुष्कळ मालकांना आपण नवा ब्रेक विकत घेणार होतों याचें आश्चर्य वाटतें.

यापुढची मोठी उडी डिस्कची. चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी दोन बाजूंनीं चिमट्यांत धरावयाची, ही ती रचना. इंग्लंडांत लँचेस्टर यानें तिचें पेटंट १९०२ सालींच घेतलें होतें. परंतु १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार मोटारीनें डिस्कच्या बळावर जिंकली, तेव्हां जगाचे डोळे उघडले. तबकडी उघड्यावर असल्यानें लौकर थंड होते, आणि तापून फुगली तरी चिमट्याकडेच फुगते. ड्रमसारखी दूर पळत नाहीं. दुचाकींमध्यें १९६२ सालीं ती एका स्कूटरला प्रथम मिळाली. ज्या लँब्रेटाचें नांव मुंबईकरांना चांगलेंच परिचित आहे, तिचाच तो एक प्रकार होता. १९६९ सालीं होंडानें आपल्या चार सिलिंडरांच्या ७५० सी. सी. गाडीला तेलाच्या दाबावर चालणारी डिस्क दिली, आणि त्यानंतर मोठ्या गाड्यांच्या पुढच्या चाकांतून ड्रम ओसरूं लागला. नव्या लगामालाही आरंभीं दोष होतेच. पावसांत चकचकीत पोलादी तबकडीवर पाण्याचा थर बसे आणि पकड क्षणभर उशिरां येई. पुढें गादीचा मसाला सुधारला तेव्हां हा दोष गेला. जुन्या गाडीला डिस्क बसविणाऱ्यानें आणखी एक विचार करावा. एका बाजूच्या चिमट्याची ओढ एकाच फोर्कवर येते, आणि जुना बारीक फोर्क त्या ओढीसाठीं घडविलेला नसतो. लगाम बळकट केला आणि घोड्याची मान मोडली, असें होऊं नये.

या इतिहासांतील सर्वांत हळहळ वाटावी अशी घटना एन्फील्डच्या बाबतींत घडली. ब्रेक जोरानें लावला असतां चाक अडकूं नये म्हणून विमानांसाठीं डनलॉप कंपनीनें ‘मॅक्झारेट’ नांवाचें यंत्र काढलें होतें. ब्रिटनच्या सरकारी रस्ते-संशोधन शाळेनें १९५८ सालीं तें रॉयल एन्फील्डच्या ‘सुपर मीटिऑर’ गाडीला बसवून पाहिलें. ओल्या रस्त्यावर गाडी कमी अंतरांत आणि न घसरतां थांबते, असें त्या प्रयोगांत दिसून आलें. परंतु बाजारांत याला मागणी येईल असें कारखान्यास वाटलें नाहीं, आणि तें यंत्र प्रयोगशाळेंतून बाहेर आलें नाहीं. त्यानंतर तीस वर्षांनीं, १९८८ सालीं, जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कारखान्यानें अशा तऱ्हेचें यंत्र आपल्या फटफटीवर बसवून तें विक्रीस आणलें. मधल्या तीस वर्षांत ओल्या रस्त्यांवर किती चाकें अडकलीं, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाहीं.

त्याच एन्फील्डची ‘बुलेट’ भारतांत मद्रास येथें १९५५ पासून तयार होऊं लागली, आणि विलायतेंतील मूळ कारखाना बंद पडल्यावरही येथें चालूच राहिली. म्हैसूर येथें १९६१ पासून जावा गाडी निघूं लागली. या देशांत फटफटीचा संसार कित्येक दशकें ड्रमवरच चालला. रस्ते खडबडीत, वेग बेताचा, आणि वाहनांची गर्दी विरळ. तेव्हां तो ब्रेक पुरेसा वाटे. पुढें रस्ते रुंद झाले, गर्दी वाढली, आणि जुन्या गाडीच्या पुढें अचानक थांबणारी मोटार तिच्यापेक्षां कितीतरी कमी अंतरांत थांबूं लागली. जुन्या ब्रेकची परीक्षा जुन्या रस्त्यावर होत नाहीं. ती नव्या रस्त्यावर होते. येथेंच खरा धोका आहे.

भारत सरकारच्या नियमानें १ एप्रिल २०१८ पासून नव्यानें बाजारांत येणाऱ्या, आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व दुचाकींसाठीं अशी व्यवस्था सक्तीची झाली. १२५ सी. सी. च्या वरच्या गाड्यांना चाक अडकूं न देणारें यंत्र, आणि त्याखालील गाड्यांना निदान दोन्हीं चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी रचना. ही दुसरी रचना म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून रज कारखान्याच्या त्या पेडलाचीच कल्पना होय. १९२० च्या दशकांत जी गोष्ट एका कारखान्याच्या शहाणपणाची होती, ती सुमारें नव्वद वर्षांनीं एका मोठ्या देशाचा कायदा झाली. आणि कारणही तेंच राहिलें : माणूस अजूनही पुढच्या ब्रेकला भितो आणि पाय मागच्या ब्रेकवर दाबतो.

कायदा नव्या गाडीला लगाम देतो. जुन्या गाडीला तो तिच्या मालकानेंच दिला पाहिजे. ड्रम गोल करणारा लेथ, मापाचें अस्तर, ताठ तार आणि काटकोनांतली दांडी, एवढ्यावर पन्नास वर्षांची गाडी पुन्हां विश्वासाची होऊं शकते. त्याहूनही आधीं लागते ती मोकळ्या रस्त्यावर, सावकाश वेगांत, पुढचा ब्रेक हळूहळू दाबण्याची संवय. म्हणजे अवघड क्षणीं हात आपण होऊन योग्य तें करतो. अशी गाडी दारांत उभी असतां कोणी ती किती पळते असें विचारलें, तर मालकानें उत्तर अवश्य द्यावें. परंतु ती किती अंतरांत थांबते, हें त्यानें कोणी न विचारतां सांगावें; आणि तें सांगण्याआधीं एकदां रिकाम्या रस्त्यावर पावलांनीं मोजून पाहावें.